इंटरवलनंतरची स्टोरी

ही एक गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. आणि गोष्टी सांगण्यात तर माझं नाव होतं, आमच्या लायनीतल्या सगळ्या बायका माझ्या गोष्टी ऐकायला यायच्या. नवऱ्याला ही सांगितली नाही, आणि आता ते राहिले नाहीत. मुलाला, सुनेला नाही. जिला सांगायला हवी ती परवा माझ्याच पलंगावर बसली होती, मोबाईल माझ्या तोंडापुढे धरून — तरी नाही. परवापासून मी सुन्न आहे. भाजी चिरते आणि मधेच थांबते. ते मीच बोलले का? म्हणून लिहिते आहे. चौथीत शाळा सुटली, लिहायचा सराव नाही. पण बोलायला गेले तर माझ्या तोंडातून काय निघेल याचा मला आता भरवसा नाही.

तुम्हाला पिक्चरचं वेड आहे का? असेल तर तुम्हाला कळेल. मला लहानपणी जत्रेतल्या तंबूत लागलं. लग्न होऊन साताऱ्याकडून इकडे आले, हे एपीएमसी मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलायचे, आणि घराला हातभार म्हणून मला एका थेटरात झाडू मारायचं काम मिळालं. काय सांगू! बाकीच्या बायका म्हणायच्या, झाडूचं काम हाय, नाक मुरडू नको. मी कशाला नाक मुरडतेय? मला तर देवळात पुजारी नेमल्यासारखं झालं होतं. ते थेटर आता नाही. तिथे सोफ्यांचं दुकान आहे. एकदा मी बाहेर उभी राहून काचेतून आत पाहिलं. पडद्याच्या जागी कपाटं होती, आरशाची.

तेव्हा पोस्टर हाताने रंगवलेली असायची. हिरोचे ओठ हिरॉईनपेक्षा लाल. बाल्कनीतले लोक गप्प बसायचे आणि खालचे लोक शिट्ट्या मारायचे, आणि गाणं लागलं की काही जण खुर्चीवर उभे राहायचे. अंधारात मशीनचा झोत जायचा त्यात धूर तरंगायचा. मला माणसांपुढे तोंड उघडता येत नाही. लहानपणापासूनच. पण त्या अंधारात मला कोणी पाहत नव्हतं, आणि मी सगळ्यांना पाहत होते. कोणत्या बाईने कुठे पदर डोळ्याला लावला ते मला माहीत असायचं.

पण आमच्या कामाची एक पद्धत होती. शो सुटला की हॉल झाडायचा. दुसरा शो लागला की इंटरवलपर्यंत काम नसे. डोअरकीपर चांगला माणूस, शेवटच्या रांगेमागे उभं राहू द्यायचा. इंटरवल झाला की मात्र लेडीज बाथरूम धुवायचं, मग बाहेरचा पॅसेज — शेंगांची टरफलं, सांडलेला चहा, कोपऱ्यांतल्या पानाच्या पिचकाऱ्या. ते आवरेपर्यंत शो सुटायचा. म्हणजे मी पिक्चर ढिगाने पाहिले, पण सगळे अर्धे. पुढचा अर्धा भिंतीतून ऐकू यायचा. मारामारी कळायची, गाणं कळायचं. कोणीतरी रडतंय हे कळायचं. पण कोण रडतंय?

संध्याकाळी आमच्या लायनीत बायका लसूण सोलायला बसायच्या. मार्केटातून गोणी यायची, हॉटेलवाल्यांना सोललेला लसूण लागायचा. हात चालू, तोंड रिकामं. मग कोणीतरी म्हणायचंच, "थेटरवाली, आज काय लागलं होतं? स्टोरी सांग की."

आणि मी सांगायचे. नळावर भांडण झालं तर बादली तशीच सोडून घरात पळणारी मी, स्टोरी सांगायला बसले की निराळीच बाई व्हायचे. शेजारची आक्का हसायची. "बघा बघा, आता कसा गळा फुटलाय! एरवी हिच्या नवऱ्याला तरी हिचा आवाज म्हाईत हाय का?" मी लाजायचे आणि पुढे सांगायचे. इंटरवलपर्यंत खरं सांगायचे. इंटरवलनंतरचं — मनाने.

कोणाला कधी कळलं नाही. कसं कळणार? बायकांना थेटरात कोण नेत होतं? भिंतीतून रडणं ऐकलेलं असायचं, त्यावरून मी आई मारायचे, कधी भाऊ मारायचे. "मेला का गं तो? अरारा," म्हणून बायका हळहळायच्या, आणि तो हिरो बिचारा पडद्यावर जिवंत असायचा. याची मला कधी लाज वाटली नाही, आजही फारशी वाटत नाही. मला वाटलं होतं, एवढंच लिहून थांबावं. हाच कबुलीजबाब म्हणून चालून जाईल. पण तो हा नाही.

कुसुम माझी नणंद. ह्यांची पाठची बहीण. तिचा नवरा पावणे गावातल्या एका कारखान्यात होता, घणसोलीला त्यांची खोली. तो मारायचा. दारू पिऊन नाही. शुद्धीत मारायचा, ताटात केस निघाला म्हणून, उशिरा दार उघडलं म्हणून. एकदा कानाखाली अशी मारली की तिचा डावा कान गेला तो गेलाच. तेव्हा ती शीतलला कडेवर घेऊन आमच्याकडे आली. शीतल रांगत होती.

हे म्हणाले, "ऱ्हा हितं. कुणाच्या बापाची भीती न्हाई. मी हाय."

मी मान हलवली. मी काय बोलणार?

आमची एक खोली आणि मोरी. कुसुम आल्यापासून हे बाहेर गॅलरीत झोपायला लागले. आत मी, माझा मुलगा, कुसुम, शीतल. पोर दात येत होते म्हणून रडायचं. कुसुमचा स्वभाव गोड होता — हे लिहायलाच हवं. माझ्या आधी उठायची, पाणी भरायची, माझं डोकं दुखलं तर चेपायची. मला तिचा राग यावा असं तिने काहीही केलं नाही. तरी मला ती नको होती. खोलीत नको होती. मला माझी खोली हवी होती, माझा नवरा आत हवा होता. हे मी कोणाला म्हणणार? तिच्याशी वाकडं बोलायचीही माझी हिंमत नव्हती. भांडखोर बाई असते तर बरं झालं असतं. दोन शब्द टाकून मोकळी झाले असते, ह्यांनी मला झापलं असतं, विषय संपला असता.

त्याच सुमारास थेटरात तो पिक्चर लागला. नाव लिहीत नाही. घरगुती पिक्चर होता, बायकांची गर्दी. नवरा मारतो, बायको निघून भावाच्या दारात येते. कडेवर मूल. दार वाजवते. भावजय दार उघडते. भावजयीचा चेहरा मोठा होतो, होतो, पूर्ण पडदाभर — आणि इंटरवल.

त्या दुपारी थेटरातली पाण्याची टाकी फुटली होती. नळ कोरडे. बाथरूमला कुलूप लावलं. मॅनेजर म्हणाला, "बसा आज आरामात, पाण्याशिवाय काय धुणार?" बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी बसले. थेटरात खुर्चीवर बसून पाहिलेला तो माझा पहिला पिक्चर. इंटरवलनंतरचा पहिला.

म्हणजे तुम्हाला कळलं ना? त्या पिक्चरचा शेवट मला माहीत होता.

ती परत जात नाही. भावजय तिला आत घेते. ती शिलाई मशीन चालवायला लागते. शेवटी नवरा येतो न्यायला. हात जोडतो, रडतो. ती सगळं ऐकून घेते. त्याला पाणी देते. तो पाणी पितो. मग ती त्याच्या हातातला पेला परत घेते आणि दार लावते. हळूच लावते, आपटत नाही. सगळं थेटर गप्प होतं, आणि मग बाल्कनीतून, जिथून कधी आवाज यायचा नाही तिथून, बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आणि त्या संध्याकाळी लसूण सोलताना कुसुम माझ्या डावीकडे येऊन बसली, चांगला कान माझ्याकडे करून. इंटरवलपर्यंत सांगितलं तोवर तिच्या हातातला लसूण खाली पडला होता. सगळ्यांना कळत होतं की ही कोणाची स्टोरी चालली आहे.

"पुढं?" कुसुम म्हणाली. "वैनी, पुढं काय करती ती?"

मी काय केलं ते लिहायला हात अडतो आहे. मी घाबरून बोलले नाही. चुकून बोलले नाही. मी नीट विचार केला. एक पाकळी सोलायला लागतो तेवढा वेळ. आणि म्हणाले, ती भावाकडे राहते खरी, पण तिच्या पायी भावाचं घर मोडायला येतं. भाऊ आणि भावजय एकमेकांशी बोलेनासे होतात. ती ते बघते, आणि एक दिवस कोणाला न सांगता नवऱ्याच्या दारात जाऊन उभी राहते. तो बाहेर येतो. तिच्या पायावर डोकं ठेवतो. पुन्हा कधी हात उचलत नाही. सासू ओवाळून आत घेते.

ओवाळायचं तबकसुद्धा मी घातलं. हळद-कुंकू, सुपारी, सगळं.

आक्काने नाक ओढलं. "बाईनंच समजून घ्यावं लागतं बघा," ती म्हणाली. कुसुमने खाली पडलेला लसूण उचलला.

पुढच्या आठवड्यात तिने पिशवी भरली. ह्यांनी विचारलं, "कुणी काय बोललं का तुला?" माझ्याकडे बघत विचारलं. ती म्हणाली, "न्हाई दादा. वैनी तर देवमाणूस हाय. मलाच जावंसं वाटतंय." त्या रात्री हे आत झोपले. मी लगेच झोपले. छान झोप लागली. मी हेही लपवत नाही.

तो सुधारला का? मला विचारता? ती सणाला यायची तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत घालायची. मी नजर खाली करून विचारायचे, "कसं चाललंय?" ती हसायची. "आमचं अजून इंटरवलच चाललंय बघ, वैनी." ही तिची थट्टा झाली. दर दिवाळीला. हेसुद्धा हसायचे, त्यांना काय माहीत! मीही हसायचे. मी कशी हसायचे?

आता तिचा नवरा घरी असतो. अर्धांग झालं, उजवा हात उचलत नाही. कुसुम त्याला भरवते. आणि म्हणते, "शेवटी सुधारला. तू सांगितलं तसंच झालं."

मी हे असंच घेऊन मेले असते. पण शीतल — तीच रांगणारी शीतल — आता मोठी आहे, नोकरी करते, लग्न होऊन कळंबोलीला दिली. गेल्या महिन्यात कुसुम तिला घेऊन माझ्याकडे आली. शीतलचा ओठ सुजलेला. मी पाणी दिलं. कुसुम बसायच्या आधीच म्हणाली, "वैनी, हिला ती स्टोरी सांग. मला तुझ्यासारखी सांगता येत न्हाई. परत जात न्हाई म्हणती."

म्हणजे एवढी वर्षं तिने ती जपून ठेवली होती? मुलीला द्यायला?

शीतल म्हणाली, "आई, पिक्चरवर कोण जगतं का?" मग माझ्याकडे वळून, थट्टेतच, "नाव काय मामी? असेल इथे." आणि कुसुमनेच नाव सांगितलं. शीतलने मोबाईलवर बोट फिरवलं, आणि तो आला. इतक्या पटकन? मला वाटत होतं, थेटर बंद झालं तेव्हा तो पिक्चरही गेला. तशी माझी खात्रीच होती.

तिघी एका पलंगावर बसून पाहिला. मोबाईलवर इंटरवल येत नाही, हे मला माहीत नव्हतं. भावजयीचा चेहरा मोठा झाला आणि पिक्चर तसाच पुढे निघाला. पळायला मधे जागाच नाही. कुसुम उजवा कान मोबाईलला लावून बसली होती, मधेच तोंड फिरवून बघायची. शिलाई मशीन आलं. नवरा आला, रडला. कुसुम म्हणाली, "आता बघ हां." तो पाणी प्यायला. दार लागलं. नावं वर जायला लागली.

शीतल टाळ्या वाजवून हसली. ओठ दुखला म्हणून लगेच थांबली.

कुसुमने मोबाईल हातात घेऊन उलटा-पालटा करून पाहिला. मग म्हणाली, "कापलाय." "मोबाईलवर कापूनच दाखवतात. वैनी, थेटरात पूर्ण होता ना?"

इथे मला सांगता आलं असतं. तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांनी कोण रागावणार? मलाही तसंच वाटलं होतं. मी तोंड उघडलं, आणि त्यातून निघालं, "हो. कापलाय."

इतकं सहज. मी स्वतःच दचकले. शीतल माझ्याकडे बघत होती. "असं कापतात होय मामी? आणि मशीनवर बसलेली ती, ते कोणी जोडलं मग?" मी म्हणाले, "मला काय बाई ठाऊक, आम्ही अडाणी." अडाणीपण मी कधी असं वापरलं नव्हतं.

शीतल नवऱ्याकडे गेली नाही. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेली. आणि कुसुम — ती पूर्ण पिक्चर शोधायला लागली. खरंच. वाशीला एक जण पूर्वी कॅसेटी भाड्याने द्यायचा, आता मोबाईलची कव्हरं विकतो. त्याच्याकडे गेली. तो म्हणाला, "काकी, याचा शेवट हाच. मी पन्नास वेळा लावलाय." ती त्याच्यावर उखडली. "तुला काय कळतंय? माझ्या वैनीनं थेटरात बघितलाय!" हे तिने मला मोठ्या अभिमानाने येऊन सांगितलं. माझ्यासाठी ती भर बाजारात भांडून आली होती. मी तिला चहा करून दिला.

आणि परवा ती मोबाईल घेऊन आली. "कुठं मिळत न्हाई बघ. तूच बोल यात. शीतलला पाठवते. तुझ्या तोंडून ऐकल तर पटल तिला." लाल ठिपका लागला. घरात दोघीच. तिचं तोंड माझ्यापासून हातभर. डोळ्यांखाली काळं. केस पांढरे. चांगला कान माझ्याकडे.

मी सांगितली. तबक घातलं. पायावर डोकं ठेवलं. मुलीसाठी त्याने पैंजण आणले, असंही घातलं. ते पहिल्या वेळी नव्हतं. कुसुम रडली. तिला वाटलं, पैंजणांचं आपणच विसरलो होतो.

कुसुमने ते पाठवलं, आणि शीतलचा आवाज लगेच उलट आला. कुसुमने मोठ्याने लावला. "आई, मी जाणार नाही. मामीला सांग, स्टोरी मस्त सांगते. आणि मामी... आईला तू ही कधी सांगितली होतीस गं? आम्ही तुमच्याकडून घणसोलीला परत गेलो त्याच्या आधी, की नंतर?"

कुसुमने माझ्याकडे पाहिलं. "असं काय विचारती ही?"

"काय माहीत," मी म्हणाले.

ती मोबाईल पिशवीत टाकून गेली. नवऱ्याला भरवायची वेळ झाली होती. मी दार लावलं.

पहिल्या वेळी मला खोली हवी होती. आता मुलगा उलव्याला राहतो, हे गेले, खोलीत मी एकटी असते. परवा मला काहीही नको होतं. तरी मी तेच बोलले.